मुलीला मुलांच्या गटात खेळवावं का? (गोल्फ, बडोदा)

दांडियाबाजारची_ताई
नमस्कार मंडळी. मी इथे नेहमी पाककृतींच्या विभागात असते, खेळांच्या विभागात पहिल्यांदाच येतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी 14 वर्षांची आहे, चार वर्षांपासून गोल्फ खेळते. आमच्या घरात त्याआधी गोल्फ कोणी टीव्हीवरसुद्धा बघितला नव्हता. क्रिकेट आणि मल्लखांब, बस, त्यापुढे गाडी नाही. हिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीबरोबर ही राजवाड्यातल्या कोर्सवर एक दिवस गेली काय आणि तिथेच चिकटली काय. आता पुढच्या महिन्यात एक ज्युनिअर टूर्नामेंट आहे (कुठली ते नको, गुजरातमधलीच आहे), त्यात मुलींच्या गटात नावं आली दोन. हिचं धरून दोन. आयोजक म्हणाले, मुलींचा गट रद्द, खेळायचं असेल तर मुलांच्या गटात खेळा, टी (पहिला फटका मारायची जागा) त्यांचीच, कार्डही त्यांच्यातच मोजणार.

कोच म्हणतात, खेळव. आमचे हे म्हणतात, उगाच हसं होईल पोरीचं, शेवटची आली तर वर्षभर क्लब हातात धरणार नाही. सासरे 82 वर्षांचे, जुम्मादादा व्यायाममंदिरात वाढलेले, ते गोल्फला अजून "ती काठी" म्हणतात, पण त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "जोड बघून लावा." आता जोड बघायची कशी ते मला कोण सांगणार? तुम्ही काय कराल?

मांडवीकर
ताई, मिशेल वी! हे वाचल्या वाचल्या तीच डोळ्यासमोर आली. तुमच्या लेकीच्याच वयाची होती. जानेवारी 2004, हवाईतली सोनी ओपन, पीजीए टूरची (अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक मालिकेतली) स्पर्धा, आणि त्यात 14 वर्षांची शाळकरी पोरगी. पहिल्या दिवशी 72, दुसऱ्या दिवशी 68. दोन दिवसांचे 140 म्हणजे बरोबर पार (कोर्सला ठरवून दिलेले फटके, जितके कमी तितकं चांगलं), आणि कट चुकला एका फटक्याने. एका! तिच्या मागे किती तरी पोट भरायला खेळणारे बाप्ये होते. मी तेव्हा कॉलेजात होतो, गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी पेपरातला फोटो कापून ठेवला होता. सहा फूट उंच, कानात मोठाले डूल, आणि स्विंग असा की बस, लोणी.

रावपुरा_टॉवर
कट म्हणजे काय ते सांगा ना कोणीतरी, आम्ही क्रिकेटवाले आहोत.

मांडवीकर
@रावपुरा_टॉवर चार दिवसांची स्पर्धा असते. दोन दिवस सगळे खेळतात, मग वरचे साधारण 65 ठेवतात (तेव्हा 70 ठेवायचे), बाकीच्यांनी बॅग उचलायची. राहिलेल्यांनाच पैसे. म्हणजे कट चुकला की दोन दिवसांची मेहनत, विमानाचं तिकीट, कॅडीचे (बॅग उचलणाऱ्याचे) पैसे, सगळं पाण्यात.

नवलखी_एक्सप्रेस
मला हे मिशेल वी प्रकरण पहिल्यापासून तमाशा वाटत आलेलं आहे, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पीजीए टूरवर आठ वेळा खेळली आणि एकदाही कट पार नाही, हा रेकॉर्ड आहे, बघून घ्या. आठपैकी शून्य!! सोळा वर्षांची व्हायच्या आठवडाभर आधी, ऑक्टोबर 2005 मध्ये, प्रोफेशनल झाली, नाइके आणि सोनीचे करार झाले, वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर अशी बातमी होती. जिंकली काय होती तोवर? प्रायोजकांना गर्दी पाहिजे होती, टीव्हीला चेहरा पाहिजे होता. आणि ती जागा कोणाची तरी होती ना? एखादा पोरगा वर्षभर धक्के खात असेल, त्याला नाही, हिला बोलावून दिली.

मांडवीकर
पीजीए टूरवर नाही, बरोबर. पण मे 2006 मध्ये कोरियात एसके टेलिकॉम ओपन या पुरुषांच्या स्पर्धेत तिने कट पार केला होता, इंचेऑनला. तेव्हा "एकदाही नाही" म्हणताना तेवढं धरा. आणि तिच्या किती तरी आधी, 1945 मध्ये, बेब झहारियासने लॉस एंजेलिस ओपनमध्ये पुरुषांबरोबर 36 होलचा (म्हणजे दोन फेऱ्यांनंतरचा) कट पार केलेला आहे. ही तीच बाई जिने 1932 च्या ऑलिम्पिकमध्ये भालाफेक आणि 80 मीटर हर्डल्समध्ये सुवर्ण घेतलं होतं. गोल्फ तर नंतर शिकली!

सातवा_होल
बऱ्याच दिवसांनी कामाचा धागा आला. मी बँकेतून रिटायर झालो आणि आता रोज सकाळी त्याच कोर्सवर असतो, जिथे ताईंची मुलगी खेळते. प्रतापसिंहराव महाराजांनी 1930 च्या दशकात युरोपियन पाहुण्यांसाठी तो बांधला होता, आता आमच्यासारखे पेन्शनर खेळतात, काळाचा महिमा.

@नवलखी_एक्सप्रेस जागेबद्दल. प्रायोजकाला स्पर्धेत ठराविक जागा स्वतःच्या मर्जीने भरायला मिळतात, त्यातलीच एक तिला दिली होती. ती जागा कधीच "मेहनतीने मिळवायची" नव्हती, कोणाचा भाचा, कोणी गावचा हिरो, कोणी म्हातारा चॅम्पियन, असेच तिथे भरतात. आणि जिथे बोलावणं चालत नाही तिथेही ती गेली. 2006 मध्ये यूएस ओपनच्या पात्रता फेरीत उतरली, हवाईतल्या स्थानिक फेरीत पहिली आली, मग न्यू जर्सीत कॅनो ब्रूकला एका दिवसात 36 होल. सकाळी 68, दुपारी 75, आणि पाच फटक्यांनी हुकली. सकाळचे 68 बघा आणि मग तमाशा म्हणा.

नवलखी_एक्सप्रेस
दुपारचे 75 पण बघा की काका 😄

सातवा_होल
बघितले. तिथेच खरी गंमत आहे, आणि ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

लोकांना वाटतं फरक ताकदीचा, म्हणजे पहिल्या फटक्याचा. मिशेल ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायच्या क्लबने) 280 यार्ड मारायची, पुरुषांची सरासरी तेव्हा 285 च्या जरा वर होती, म्हणजे तिथे ती फार मागे नव्हती. खरा मार बसतो दुसऱ्या फटक्याला. समजा होल लांब आहे, रफमध्ये गवत वाढलेलं आहे, पुरुष तिथून आठ नंबरचा आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब, नंबर जितका लहान तितका बॉल लांब आणि सपाट) काढतो आणि बाईला त्याच अंतराला सहा नाही तर पाच नंबर लागतो. आठ नंबरचा बॉल उंच जातो आणि आंबा पडावा तसा धप्पकन पडतो, पडला तिथेच बसतो. पाच नंबरचा सपाट येतो, त्याला फिरक कमी, तो ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) उतरतो आणि स्टीलच्या ताटातल्या वाटाण्यासारखा घरंगळत पलीकडे जातो. पुरुषांच्या स्पर्धेत ग्रीन मुद्दाम टणक ठेवतात. म्हणजे तुम्ही चुकलेला काहीच नसता आणि तरी तुमचा बॉल मागच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) असतो. मग चिप (जवळून उचललेला छोटा फटका), मग पट (ग्रीनवरून होलकडे घरंगळवायचा फटका), पार वाचवायला घाम. असं 36 वेळा करून बघा, दुपारी 75 होतातच.

ॲनिका सोरेनस्टॅम 2003 मध्ये कलोनियलला, पुरुषांच्या स्पर्धेत, खेळली, तेव्हा बायकांमध्ये जगात नंबर एक होती, कसलेली, 32 वर्षांची. 71 आणि 74. चार फटक्यांनी कट चुकला. तिनेही दोन दिवस ग्रीन पकडून पकडून धरले आणि मग मागे फिरून म्हणाली, पुरे, मी माझ्या टूरवर जाते. आणि गेली, आणि तिथे सगळ्यांना धुतलं.

खंडेराव_मार्केट
त्याच वेळी आपला विजय सिंग (गोल्फर, फिजीचा, पण आडनाव आपलं) जाहीर बोलला होता ना की ॲनिकाने तिथे खेळायला नको. लई ओरड झाली होती.

रावपुरा_टॉवर
आपला कसा काय? मेडल जिंकला की आपला, बोलून फसला की फिजीचा 😂

कमाटीबाग_मॉर्निंगवॉक
मी गोल्फ खेळत नाही पण आई आहे म्हणून लिहिते. माझी मुलगी बॅडमिंटन खेळायची. अंडर 13 ला असताना तिला अंडर 17 मध्ये उतरवली, आमचीच हौस, तिथे दोन मॅच जिंकली, मग काय, पेपरात नाव, नातेवाइकांचे फोन, सोसायटीत सत्कार. पुढच्या वर्षी खांदा दुखायला लागला. फिजिओ म्हणाला सहा आठवडे रॅकेट बंद. आम्ही तिसऱ्या आठवड्यात स्टेट खेळवली, कारण एंट्री गेलेली होती, तिकिटं काढलेली होती. आता ती 22 वर्षांची आहे आणि केस विंचरताना हात वर गेला की तोंड वाकडं करते. मी दर वेळी दुसरीकडे बघते.

मिशेलचं मी जे वाचलंय त्यात मला तो एका फटक्याचा किस्सा आठवत नाही, 2007 आठवतं. मनगट दुखावलं होतं. 2006 च्या शेवटीच स्कोअर घसरले होते, स्वित्झर्लंडला 78-79 आणि शेवटची, पुढच्याच आठवड्यात अमेरिकेत 77-81 आणि परत शेवटची. जानेवारीत पुन्हा सोनी ओपन, 14 फटक्यांनी कट चुकला. तीच जागा जिथे तीन वर्षांपूर्वी एकाने चुकला होता. सतरा वर्षांची पोरगी हो. त्या वयात माझी मुलगी पिंपल आला म्हणून क्लासला जात नव्हती.

मांडवीकर
ताई, हे वाचून गप्प झालो.

नवलखी_एक्सप्रेस
@कमाटीबाग_मॉर्निंगवॉक हेच तर मी म्हणतोय केव्हापासून, फक्त तुम्ही नीट म्हटलंत आणि माझं भांडण वाटलं.

सातवा_होल
नाही, तुमचं वेगळं होतं. तुम्ही म्हणालात ती तिथे नको होती. या म्हणतायत, दुखत असताना नको होती. 14 व्या वर्षी ती तिथे गेली, 68 मारले, घरी आली, सोमवारी शाळेत गेली, यात तिचं काय वाईट झालं? वाईट झालं ते नंतर, जेव्हा दर वर्षी तेच मागायला लागले सगळे. पहिल्यांदा बक्षीस म्हणून मिळालं, मग तीच ड्युटी झाली. आणि मधल्या काळात तिला जिंकायची सवय लागायला पाहिजे होती ती राहून गेली. शेवटच्या दिवशी पुढे असताना हात थरथरतो, तो थरथरत असताना तीन फुटांचा पट कसा घालायचा, हे कट चुकवून शिकता येत नाही.

आखाड्यातलं मला फार माहीत नाही पण ताईंचे सासरे जोड म्हणाले ते हेच असणार. आमचे वडील सांगायचे की वस्ताद नव्या पोराला आठवड्यातून एकदा भारी पैलवानाच्या अंगावर सोडायचा, आपटून घ्यायला, आणि बाकीचे दिवस बरोबरीच्याशी लढवायचा, चीत करायला. रोज आपटलं तर पोरगं आखाडा सोडतं आणि रोज जिंकलं तर माजतं.

रावपुरा_टॉवर
मग त्या मिशेलचं पुढे काय झालं? का संपली तिथेच? मी आत्ताच ऐकतोय तिचं नाव.

मांडवीकर
संपली कसली! स्टॅनफर्डला शिकली, 2012 मध्ये डिग्री घेतली. मधे 2009 ला बायकांच्या टूरवर पहिली स्पर्धा जिंकली. आणि मग 2014, यूएस विमेन्स ओपन, पाइनहर्स्ट नंबर 2. त्याच्या आदल्याच आठवड्यात त्याच कोर्सवर पुरुषांची यूएस ओपन झाली होती, गवत तेच, ग्रीन तेच. मी रात्रभर जागून बघितली होती, बायको म्हणाली काय खूळ आहे.

तेव्हा ती पट कशी करायची माहितीये? कमरेत पार काटकोनात वाकून, पाठ टेबलासारखी आडवी, आपली आजी दारात रांगोळी घालायची ना अगदी तशी. सगळे हसायचे. शेवटच्या दिवशी 16 व्या होलवर डबल बोगी (पारपेक्षा दोन फटके जास्त), आघाडी तीनवरून एकावर आली, मी म्हटलं झालं, गेली परत. 17 व्या होलवर पंचवीसेक फुटांचा पट, तशीच वाकली, मारला, आणि गेला आत! मी ओरडलो तर शेजारचे पटेलकाका उठून आले, त्यांना वाटलं चोर.

दोन फटक्यांनी जिंकली. 24 वर्षांची होती. एकूण पाच स्पर्धा जिंकली ती बायकांच्या टूरवर. दहाव्या वर्षी लोकांनी ठरवलं होतं त्या मानाने कमी, पण पाच म्हणजे पाच.

खंडेराव_मार्केट
एका फटक्यावरून आठवलं, आपली गोल्फर अदिती अशोक! 7 ऑगस्ट 2021, शनिवार. टोकियो ऑलिम्पिक. नीरज चोप्राचं गोल्ड त्याच दिवशी संध्याकाळी आलं म्हणून सगळे सकाळचं विसरले. आमच्या घरात पहाटेपासून टीव्ही लावलेला, आई विचारतेय हा बोगी काय प्रकार आहे, बोगी तर ट्रेनला असते. चौथी आली, ब्राँझ एका फटक्याने गेलं. रिओला वडील कॅडी होते आणि टोकियोला आई. बॅग उचलून 18 होल चालायची, चार दिवस, त्या उकाड्यात. दांडियाबाजारची ताई, तयारी ठेवा 😊

दांडियाबाजारची_ताई
बाई गं, मी? मला सूरसागरची एक फेरी मारली तर दम लागतो.

सगळ्यांचं वाचलं, दोन-तीनदा वाचलं, ह्यांनाही दाखवलं. कमाटीबाग ताई, तुमचं वाचून मी उठून हिच्या खोलीत गेले आणि हात, मनगट, कोपर सगळं दाबून बघितलं, ती म्हणे आई काय करतेस, मला भेंडी समजलीस का. काही दुखत नाहीये. सासऱ्यांना सातवा होल काकांचं वस्तादवालं वाचून दाखवलं तर म्हणाले, "बरोबर आहे, पण आठवड्यातून एकदा नाही, पंधरवड्यातून." म्हणजे त्यांचं त्यांनी सुधारून घेतलं.

असं ठरलंय की ही एक खेळवायची मुलांमध्ये, आणि डिसेंबरात अहमदाबादला मुलींची आहे, तिथे मुली बऱ्याच येतात, ती जिंकायला खेळायची. दोन्हीत तेच बूट 😊

नवलखी_एक्सप्रेस
शुभेच्छा ताई. मनापासून. स्कोअर टाका इथे, कितीही झाला तरी.

(पाच आठवड्यांनंतर)

दांडियाबाजारची_ताई
धागा वर आणतेय, सॉरी उशीर झाला, मधे घरात लग्न होतं.

खेळली! सगळं सांगते. सकाळी सव्वासहाला पहिली टी. हिचं कार्ड आलं त्यावर नावापुढे "मास्टर" छापलेलं, मी काउंटरवर सांगायला गेले तर म्हणे सॉफ्टवेअरमध्ये दुसरा ऑप्शनच नाहीये बेन. मग पेन्सिलीने काट मारून दिली. टीवर उभी राहिली तर एका मुलाचे वडील अगदी प्रेमाने, चेष्टा नाही करत होते ते, म्हणाले, "बेटा, लेडीज टी आगळ छे" (पुढे आहे). तिने मान हलवली, थँक यू अंकल म्हणाली, आणि तिथूनच मारला. सरळ. मला यार्ड कळत नाहीत पण तिच्या ग्रुपमधल्या दोन मुलांच्या पुढे गेला एवढं मला दिसलं, आणि ते वडील पुढचे चार होल आमच्याबरोबर चालत आले, पाण्याची बाटली पण दिली.

19 मुलं आणि ही. 91 झाले. अकरावी आली. पहिल्या नऊ होलमध्ये 43 होते, मग ऊन चढलं आणि 48. चौदाव्या होलवर पाण्यात दोन बॉल घातले, तिथे रडली, पण टोपी खाली ओढून, मला वाटतं फक्त मला कळलं. ह्यांनी 18 होल छत्री धरली, स्वतःवर नाही, बॅगेवर!

गाडीत बसल्यावर मी म्हटलं आता ही बोलणार नाही, म्हणून वाटेत सेव-उसळ खायला थांबलो. पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाली, आई, पाच नंबरचा थांबतच नाही गं ग्रीनवर, मुलांचा आठ नंबर येतो तो बसतो. काका, तुमचं लिहिलेलं तिने वाचलेलं नव्हतं हो, शप्पथ! मी ताटातल्या वाटाण्याचं सांगितलं तर प्लेटमधला एक वाटाणा काढून टेबलावर घरंगळवून बघत बसली.

सातवा_होल
91! त्या टीवरून, त्या उन्हात, 14 व्या वर्षी! मला मागच्या रविवारी 96 झाले, आणि मी पुढच्या, म्हणजे होलच्या जवळच्या, टीवरून खेळतो.

पाच नंबरचा आयर्न बॅगेतून काढा आता. त्याच्या जागी हायब्रिड घाला. डोकं जाड असतं, बॉल उंच जातो, उतरताना सरळ उतरतो. नवा घेऊ नका, महाग आहे, वर्षभरात उंची वाढली की शाफ्ट (दांडा) बदलावा लागेल.

कमाटीबाग_मॉर्निंगवॉक
मनगट?

दांडियाबाजारची_ताई
ठीक आहे. रोज बघते. आता स्वतःच हात पुढे करते, भेंडी तपास म्हणते.

काका, जुना हायब्रिड कोणाकडे मिळेल का? ती डावखुरी आहे, तिथेच अडतंय. बडोद्यात दोन ठिकाणी विचारलं, दोघांकडे उजव्याच. डिसेंबरच्या आधी हवाय.